बरी असल्याचा कागद

"अहो, ऐकू येतंय का? की कानातही मिरच्या लावल्यात?"

कचेरीचा कारकून बांधावर उभा राहून ओरडत होता. तोंडाला रुमाल, हातात कागद, आणि बांधाच्या आत पाऊल टाकायची तयारी नाही. भोंगादादाने खुरपं मातीत रोवलं आणि कंबर धरून उठला. अजून दहासुद्धा वाजले नव्हते, तरी जमीन तव्यासारखी तापली होती. मिरचीची खुरपणी अर्धीच झाली होती. गवताला काय, ते कुठल्याच आदेशाला जुमानत नाही.

"परत? कालच तर सांगून आलो. दुकानं सात ते अकरा."

"ते कालचं. आज आठ ते दहा."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या. आपण पन्हळ आहोत दादा. पाणी वरचं. पडेल तसं खाली सोडायचं."

कारकुनाने कागद बांधावर ठेवला, वर एक ढेकूळ ठेवलं आणि चार पावलं मागे सरकला. तेव्हा कुठे भोंगादादा पुढे झाला.

त्याचं खरं नाव कचेरीच्या वहीत असेल तर असेल. अंगकाठी वाळलेल्या तुराटीसारखी, पण आवाज असा की वरच्या आळीला बोलला की खालच्या आळीतली कुत्री उठून बसायची. वीस वर्षं तो सायकलच्या पुढे कर्णा आणि मागे बॅटरी बांधून गावभर फिरत होता. पाणी कधी सुटणार, डॉक्टर कधी येणार, कुणाचं जनावर सापडलंय, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. चार वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून घरात बोलायला भिंती उरल्या होत्या. दिवसभरात तोंडातून जो काही शब्द निघायचा तो कर्ण्यातूनच. पण कर्णा थांबला की कोपऱ्यावर कुणी ना कुणी हाक मारायचं, "दादा, पाणी घ्या घोटभर." त्या घोटासाठी तो सांगायचं ते जरा लांबवून सांगायचा.

ही रोगाची साथ आली आणि पहिले काही दिवस भोंगादादाची छाती फुगली. खोटं कशाला बोला! सायकल दिसली की माणसं कामं टाकून दारात यायची. जणू सरकार त्याच्याच खिशात होतं.

"दादा, हे किती दिवस चालायचं?"

"बाजार कधी उघडणार ते विचारा की वर. टोमॅटो पिकून गळायला लागले!"

"माझी लेक शहरात अडकलीय. तिला आणायला गाडी मिळेल का?"

त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "बघू, आदेश येईल." मग आदेश यायचा तो भलताच. हात धुवा. घरात बसा. शेतात जायला हरकत नाही, पण चौघांनी एकत्र जायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दोघांनीही नाही. तिसऱ्या दिवशी, तोंड झाकल्याशिवाय कुणीच नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. माणसं वैतागली, आणि सरकार काही हाताशी लागत नव्हतं, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

"तुमचं सरकार टोमॅटो खाणार आहे का आमचे?" एका शेतकऱ्याने गाडीभर लाल माल ओढ्यात ओतता ओतता त्याला विचारलं. ओढ्याला त्या दिवसांत आंबूस वास मारायचा आणि माशा घोंघावायच्या.

पुढे पुढे तर माणसांनी दारात यायचंही सोडलं. हा बाबा गावभर फिरतो, कुणाकुणाच्या दारातून येतो, कोण जाणे! सायकल आली की खिडक्या लागायच्या. पाण्याचं कुणी नावही काढेना. भोंगादादा बाटली बरोबर घ्यायला लागला आणि रिकाम्या रस्त्यांना आदेश वाचून दाखवायला लागला.

गावात तेव्हा एकाच घराला उसंत नव्हती. शिंपिणीच्या. तिचा नवरा भोंगादादाचा जिवलग मित्र. तो गेल्यावर तिने मशीन हाती घेतलं आणि सासूला आणि स्वतःला जगवलं. तोंड झाकायचा आदेश आला तशी कचेरीने तिला कापडाचे तागे दिले. आठ दिवसांत तिने चारशे मुसक्या शिवल्या. गाव त्यांना मुसक्याच म्हणायचं, बैलाच्या तोंडाला बांधतात तशा. माणसं तिच्या खिडकीपुढे रांग लावून घेऊन गेली. खोकला तिला कायमचाच. वर्षानुवर्षं कापडाची बारीक लव नाकातोंडात जायची, त्याचा. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

मुसक्यांना लावायची नाडी संपली म्हणून ती एक दिवस तालुक्याला जाऊन आली. तिसऱ्या दिवशी अंग तापलं. पाचव्या दिवशी पांढरे अंगरखे घातलेली दोन माणसं गाडी घेऊन आली आणि तिला घेऊन गेली. गाडी गेल्यावर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पण प्रत्येक खिडकीला डोळे होते.

दुपारी कारकुनाने कागद दिला. भोंगादादाने तो दोनदा वाचला.

"यात नाव नाही."

"नसतं. संशयित म्हणतात. अजून तपासणी व्हायचीय."

"मग मी काय सांगू?"

"नाव घेऊन सांगा. नाहीतर लोकांना कळायचं कसं? उद्या आणखी चार पडले तर पाप कुणाच्या माथ्यावर?"

भोंगादादाने नाव घेतलं. अकरा कोपऱ्यांवर, प्रत्येकी तीन वेळा, छाती भरून. एवढ्यावर राहिला असता तरी चाललं असतं. पण कितीतरी दिवसांनी खिडक्या उघडत होत्या, माणसं कान देऊन ऐकत होती, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. कागदात नसलेलं एक वाक्य त्याने आपल्या पदरचं घातलं, "त्या घराच्या वाऱ्यालाही उभं राहू नका हो!"

संध्याकाळी घरोघरच्या उकिरड्यांवर धूर निघाला. लोकांनी तिने शिवलेल्या मुसक्या जाळल्या.

त्या घरात आता तिची सासू एकटी राहिली होती. दाराला कचेरीने आडवी फळी ठोकली होती. म्हातारीने घराबाहेर पडायचं नाही, तिला लागेल ते गावाने आणून द्यायचं, असं आदेशात स्पष्ट लिहिलं होतं. भोंगादादाने तेही सांगितलं होतं. पण माणसांनी वाऱ्याचं तेवढं ऐकलं.

चौथ्या दिवशी तो नवा आदेश घेऊन त्या आळीतून चालला होता. फळीच्या मागून आवाज आला. भांड्यावर काहीतरी आपटत होतं. मग म्हातारीचा आवाज, सुकलेला, "अरे, कोण जातंय? घोटभर पाणी द्या रे."

भोंगादादाने पायडल मारलं.

तो ओढ्यापर्यंत गेला. तिथे उतरला. सडक्या टोमॅटोंच्या वासात, सायकलला धरून, बराच वेळ उभा राहिला. मग घरी गेला, कळशी भरली आणि सायकल तिथेच टाकून पायी परत आला.

"काकू, मी आहे. कळशी खिडकीत ठेवतोय."

"कोण? भोंग्या का?"

"होय."

आत बराच वेळ नुसता पाणी पिण्याचा आवाज. मग म्हातारी म्हणाली, "वाऱ्याला उभं राहू नका म्हणालास ना रे? मग तू कशाला आलास?"

तो रोज जायला लागला. एक कळशी पाणी, आणि दोन माणसांचं शिजवून त्यातलं एकाचं. गावाने त्याच्याकडेही पाठ फिरवली. आता आदेश वाचताना समोर उघडी खिडकीसुद्धा दिसेना.

नवव्या दिवशी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई वेशीवर भेटल्या. बाईंचा चेहरा झोपेविना काळवंडला होता.

"अहो दादा, तुमच्या शिंपीणबाई निघाल्या. रोगबिग काही नाही. तपासणी साफ आली. साधा ताप होता, आणि खोकला त्या लवेचा. उद्या सकाळी गाडी मोठ्या रस्त्यावर सोडेल, पुढे चालत येतील."

भोंगादादा तसाच कचेरीत गेला. "कागद द्या. गावाला सांगायचंय."

"कसला कागद?"

"ती बरी आहे म्हणून."

कारकुनाने फायलींवरून मान वर केली. खरोखर त्याला वाईट वाटलं असावं. "दादा, असा कागद नसतो. आजारी आहे याचा येतो. बरी आहे याचा नमुनाच अजून वरनं आलेला नाही."

"मग बिनकागदाचं सांगतो."

"कर्णा कचेरीचा आहे. बॅटरी इथे ठेवून जा. उद्या माझ्यावर शेकेल."

भोंगादादाने दोन्ही काढून टेबलावर ठेवलं.

सकाळी वेशीवर ओंडके आडवे टाकून पाच-सहा जण काठ्या घेऊन बसले होते. बाहेरचा माणूस आत येऊ नये म्हणून गावानेच बसवलेले. पलीकडे शिंपीण उभी होती. काखेत गाठोडं, पायावर धूळ, उन्हाने तोंड रापलेलं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"वहिनी, मागे जा," त्यातला एक म्हणत होता. "आमचा काही राग नाही तुमच्यावर. पण घरी पोरंबाळं आहेत."

"माझ्या घरी सासू आहे," ती म्हणाली.

भोंगादादा ओंडका ओलांडून तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. तिच्यापासून दोन हातांवर. माणसं पाहातच राहिली.

"हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "नर्सबाईंना विचारा. आणि आम्ही दोघं आता आत येतोय. कुणाला अडवायचं असेल तर जवळ येऊन, हाताला धरून अडवा."

हाताला धरायला कोण येतंय! काठ्या हळूहळू बाजूला झाल्या.

ती पुढे, तो तिच्या मागे. पहिल्या कोपऱ्यावर तो थांबला आणि त्याने बिनकर्ण्याच्या गळ्यातून आवाज सोडला.

"ऐका हो ऐका! हे सरकार बोलत नाही. मी बोलतोय. शिंपीणवहिनीला रोग नाही. नव्हताच. मी नाव घेऊन सांगितलं ती माझी चूक. वाऱ्याला उभं राहू नका म्हणालो, ते कागदात नव्हतं, ते माझ्या पदरचं. ऐका हो!"

अकरा कोपरे, प्रत्येकी तीन वेळा. शिंपीण प्रत्येक कोपऱ्यावर थांबली, खाली मान घालून ऐकत राहिली. खिडक्या बंदच होत्या. एका दारामागून कुणीतरी पोराला गप्प केलेलं ऐकू आलं, एवढंच. सातव्या कोपऱ्यावर त्याचा गळा बसला. अकराव्यावर शब्द फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तसे बाहेर पडत होते.

घरापाशी आल्यावर त्याने दगडाने फळी उखडली. शिंपीण उंबऱ्यावर चढली आणि वळली.

"भावजी, एक विचारू? त्या दिवशी माझं नाव घेताना जीभ अडखळली का हो? एकदा तरी?"

भोंगादादाला खोटं बोलता आलं असतं. दोघांनाही ते बरं पडलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "उलट बरं वाटलं होतं. लोक ऐकत होते."

तिने मान हलवली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. कडी लागल्याचा आवाज झाला.

तो तिथेच उन्हात उभा राहिला. जायला घर होतं, पण पाय निघेनात. आतून म्हातारीचा आवाज आला. "कोण होतं गं?"

"कुणी नाही. भोंगादादा."

"काय सांगत होता मघापासून? मागच्या खोलीत नीट कळलं नाही."

मशीनवरचं फडकं झटकल्यासारखा आवाज आला, मग तिचा खोकला.

भोंगादादा खिडकीपाशी गेला. घशात काटे भरले होते. त्याने गज धरले आणि राहिलेला सगळा आवाज गोळा केला.

"काकू! तुमची सून चांगली आहे! तिला काही झालेलं नाही!"

"अरे मग हळू सांग की, मेल्या," आतून म्हातारी म्हणाली. "इथेच बसलेय मी."