येसाजीला चढत न्हाई

नंदिगड्ड्याचा येसाजी पट्टीचा पिणारा, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याच्या बायकोला. तो भाताच्या बांधावर आडवा सापडला तरी सावित्री म्हणायची, "पित्त झालंय." रानडुकराच्या मटणाच्या वाट्यावरून येसाजीनं ओढ्यापलीकडच्या लक्ष्मणाला कोयत्यानं तोडलं, तेव्हाही तिनं कोर्टात शपथेवर सांगितलं, "आमच्या माणसानं दारूला कधी तोंड लावलं न्हाई." अब्रू राहिली आणि जन्मठेप झाली.

अपिलाला धारवाडची वकीलबाई घेतली, श्वेता. तिनं साक्ष वाचून कपाळावर हात मारला.

"मावशी, हे काय सांगून बसलात?"

"मग भर कोर्टात नवऱ्याला बेवडा म्हणू व्हय?"

"म्हणायचं होतं! आपल्या हातानं प्यालेल्याला कायदा माफ करत नाही. पण जीव घ्यायचा बेत करण्याइतकी शुद्धच नव्हती असं दिसलं, तर शिक्षा कमी होते."

सावित्रीला नवल वाटलं. जन्मभर जे पदराखाली झाकलं, तेच उपयोगाचं निघालं!

अटकेच्या वेळी डॉक्टरनं 'तोंडाला वास' असं लिहिलं होतं. तेवढ्या वासावर श्वेतानं कोर्टाला तासभर दारू पाजली. मग न्यायाधीशांनी विचारलं, "भांडण झाल्यावर हा घरी गेला, कोयता घेतला, एका ओंडक्याचा साकव ओलांडून परत लक्ष्मणाच्या दारात आला. ओढ्यात पडला कसा नाही?"

अपील फेटाळलं.

सावित्री जेलात सांगायला गेली, तर येसाजी उखडलाच. "मला चढली हुती म्हणून सांगितलं? मला? अख्ख्या जोयडा तालुक्यात इचार, येसाजीला कधी चढली काय!"

"कोर्टबी तेच म्हणालं," सावित्री म्हणाली. "चढली न्हवती."

येसाजीचा चेहरा उतरला. त्यानं जाळीला बोटं अडकवली.

"मला सगळं आठवतंय, सावित्रे. लक्षा दारात आला, माझ्या हातात कोयता बघितला, तरी हसला. म्हणाला, येसू, ते खाली ठेव, चार घास खाऊन जा."

सावित्रीनं आणलेली केळी पोलिसाकडं दिली. भेटीची वेळ अजून बरीच होती. ती पदर खोचून उठली आणि मागं न बघता बाहेर पडली.