काळ्या पडद्यामागची गुहा

परीक्षकबाईंनी आजवर इतके गेम खेळून पाहिले होते, की त्यांना कशाचंच अप्रूप उरलं नव्हतं. सरकारी मंडळात त्यांचं काम एवढंच: गेम खेळायचा, कुठे किती मारामारी आहे ते बघायचं आणि कोणत्या वयाच्या मुलांना तो चालेल ते ठरवायचं.

त्या दिवशी सरकारी अनुदानातून तयार झालेला एक गेम मंजुरीसाठी आला. तो बनवणारे बहीणभाऊ समोरच बसले होते. बाईंनी गेम सुरू केला, तर पडदा काळाकुट्ट.

"बंद पडलाय वाटतं."

"नाही हो, असाच आहे," भाऊ म्हणाला. "ताईला दिसत नाही. तिनेच रचलाय."

शेजारच्या टेबलावरून साहेब म्हणाले, "नियम सांगतो, प्रत्येक दृश्य तपासा. इथे दृश्यच नाही, मग तपासणार काय, कपाळ? परत पाठवा."

ताई हसली. "पाठवा की, साहेब. पण आधी आत जाऊन तर या."

बाईंनी हेडफोन चढवला. आधी काहीच नाही. मग उजवीकडे, खूप खाली, टपकन एक थेंब. बाईंनी मान वळवली, तसा तो समोर आला. बटण दाबल्यावर टाळी वाजली. तिचा आवाज वर गेला, आणखी वर गेला आणि इतक्या उंचावरून परत आला, की बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. भिंत कुठे वळते, पाणी कुठे खोल आहे, सगळं कळत होतं. पाखरांचा थवा भुर्रकन उडाला आणि गुहेचं छत संपून आभाळ कुठे सुरू होतं, तेही ऐकू आलं. एवढी अफाट जागा त्यांनी उघड्या डोळ्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

हेडफोन काढला, तर ऑफिस खोक्याएवढं वाटलं.

"तुला रोज असंच ऐकू येतं?" बाईंनी विचारलं.

"रस्ता, जिना, तुमची ही खोलीसुद्धा," ताई म्हणाली.

बाईंनी हेडफोन साहेबांच्या डोक्यावर बसवला. साहेब आधी कुरकुरले. मग त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग आ वासून वर बघत राहिले. वर पंख्याशिवाय काहीच नव्हतं.

"नियमाचं काय करायचं, साहेब?"

"तो बदला म्हणून मी वर कळवतो." साहेबांचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली आला होता. "तोवर 'ऐकून तपासला' असं लिहा. सगळ्या वयांसाठी. आणि बाई, पलीकडच्या खोलीतल्यांनाही बोलवा हो."