रेडिएटरमधली हळद

बाबा गेल्यापासून त्यांचा ट्रक भनपुरीत पांडुरंगच्या गॅरेजसमोर उभा होता. आईचं एकच म्हणणं होतं. चालता ट्रक विकू, पण भंगारात द्यायचा नाही. "गॅसनं कापतात तिथं," एवढंच ती म्हणायची.

मी थकले होते. दवाखाना, तेरावं, कागदपत्रं, सगळं उरकलं होतं. हे एक राहिलं होतं. भंगारवाल्याला मी त्या दिवशी दुपारी यायला सांगितलं होतं. सकाळी आई आणि मी गॅरेजसमोर उभ्या होतो.

रेडिएटरमधलं पाणी जात कुठे होतं, तेच कळत नव्हतं. भरून एक फेरी मारली की पातळी खाली, आणि जमिनीवर थेंब नाही. पांडुरंगनं पाइप चाचपले, कोरडे. झाकण बदलून पाहिलं. डिपस्टिक पुसली, ऑइल स्वच्छ. मग त्यानं सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या धुराकडे बोट केलं.

"इंजिनच पाणी पिऊन राहिलं, ताई. हेड गॅसकेट गेलं. एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन कोण खोलते?"

मला सुटल्यासारखं वाटलं.

"थंडी हाय," आई म्हणाली. "माझ्याही तोंडातून धूर निघून राहिला. माझंही गॅसकेट गेलं काय?"

"काकू, तुम्हाले खोलायची हिंमत कोणाची हाय?"

ती हसली नाही. पांडुरंगनं इंजिन बंद केलं तशी ती शाल सावरत बाजूनं उघड्या बॉनेटशी गेली आणि वाकून आत बघत राहिली. पंख्यामागे, पाण्याच्या पंपाखाली, एक वाळलेला पिवळा ओघळ होता.

"गंज असन," पांडुरंग म्हणाला.

आईनं नखानं खरवडलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "गंज लाल असते. ही हळद हाय."

पांडुरंगनं कपाळाला हात लावला. "काका रेडिएटरमध्ये हळद टाकत होते काय? जुने ड्रायव्हर टाकतात, बारीक गळती बुजते म्हणून."

"आणि मी किराणावाल्याशी भांडत होती. वजन कमी देतो म्हणून."

पांडुरंगनं पाणी भरलं, गाडी चालू करून ठेवली. इंजिन तापलं तसा पंपाखाली एक थेंब फुगला. पंख्याच्या वाऱ्यानं तो तापलेल्या लोखंडावर पसरला आणि जमिनीवर पोचण्याआधीच वाळला.

"पंपाचं सील गेलं," तो म्हणाला. "गॅसकेट नाही. नवा पंप बसवतो. पण रेडिएटर धुवावा लागन, काकू. हळदीनं नळ्या चोंदल्या असतीन."

आईनं पिवळी बोटं शालीला पुसली.

"धू," ती म्हणाली. "विकायचीच तर हाय."

आता पंप आणायचा, मग गिऱ्हाईक शोधायचं. आणखी किती दिवस, कोण जाणे. मी बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन लावला.

"येऊ नका," मी म्हटलं. "गाडी चालती आहे."

"अजून कुठं झाली?" मागून आई म्हणाली.

"होईल," मी म्हटलं, आणि पंपाच्या दुकानाचा पत्ता विचारायला पांडुरंगकडे वळले.