दुसऱ्याच्या नावाची देणगी

आईने शिलाई मशीन थांबवून चष्म्यावरून पाहिलं. दुकानाच्या दारात लेकीची वर्गमैत्रीण फणफणत उभी होती. उंचीमुळे या घरात तिला सगळे ताडमाडच म्हणत.

"मावशी, तुमची लेक कुठाय?"

लेक आतच होती, फोनला चिकटलेली. विद्यापीठाने नव्या पदवीधरांना देणगीचं चॅलेंज दिलं होतं. रक्कम कितीही चालेल, पण एका वर्गातल्या शंभर जणांनी दिलं, तर कुणी धनाढ्य माजी विद्यार्थी गरीब मुलांसाठी घसघशीत भर घालणार होता. देणगीदार गोळा करायला लेक वर्गाची कॅप्टन होती.

ताडमाडने तिच्यापुढे मोबाइल धरला. "विद्यापीठ माझे आभार मानतंय. देणगीबद्दल. मी दमडी दिलेली नाही."

लेकीचा चेहरा उतरला. "थोडेच जण कमी पडत होते गं. त्यांच्या नावाने मीच भरले, माझ्या पगारातून. तुला काही तोशीस नाही पडली."

"बाबा गेले त्या आठवड्यात हॉस्टेलने माझं सामान पॅसेजमध्ये काढून ठेवलं. त्या विद्यापीठाला काही देणार नाही, हे तुला सांगितलं होतं. तू 'बरं' म्हणालीस."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गिऱ्हाइकाला न विचारता मी बाही आखूड केली, तर ते परत दुकानाची पायरी चढेल का? तू तर या पोरीचं 'नाही'च कापून टाकलंस. लाव फोन. सगळी नावं काढायला सांग."

"आई, आज शेवटचा दिवस आहे. शंभर भरले नाहीत तर गरीब मुलांचं नुकसान होईल."

"त्या शेटजीला मुलांचा एवढा पुळका असेल तर देईल की तसाच. रुसलेल्या जावयासारख्या अटी कसल्या घालतो?"

लेकीने फोन लावला. पलीकडे विद्यापीठाच्या देणगी विभागातला माणूस गोड बोलत होता, "ताई, आज राहू द्या, उद्या काढू." आईने फोन ओढून घेतला.

"उद्या कशाला? शर्यत जिंकल्यावर? खोट्या नावांवर जिंकायला लाज नाही वाटत तुम्हाला? आत्ता काढा. मी फोन ठेवत नाही."

तिने खरंच ठेवला नाही. ताडमाड तोवर उभीच. नाव काढल्याचा मेसेज आला, तो तिने दोनदा वाचला आणि मग स्टुलावर टेकली. लेकीकडे मात्र बघेना.

"मावशी, पाणी द्याल?"

आई जागची हलली नाही. लेकीला म्हणाली, "ऊठ, तू दे."