उत्कृष्ट प्रश्नाचं बक्षीस

“नीरजदादा, चार अटेम्प्ट झाले. आता तुमची यूपीएससी आम्ही फँटसीत धरायची की सायन्स फिक्शनमध्ये?”

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं, माइक माझ्या हातात, पण प्रश्न मागच्या रांगेत बसून माझी मैत्रीण प्रणिता आणि आमचा दोस्त जयेश यांनी जुळवलेला. “दम है तो पूछ,” जयेश म्हणाला. प्रणिता म्हणाली, “छोड यार, ही नाही विचारणार. हिची सगळी बडबड घरात.” झालं! मी ताडकन उठले.

जुलैतला रविवार होता. दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा परिसंवाद होता, आणि या वेळी विषय चक्क आमच्यासारख्यांसाठी होता: फँटसी आणि सायन्स फिक्शन सिनेमांची तुलना करणं योग्य आहे का? प्रत्येक वक्त्याला सात मिनिटं, मग श्रोत्यांचे दोन प्रश्न, आणि दिवसभरातल्या सगळ्यात चांगल्या प्रश्नाला बक्षीस. नीरजदादा शेवटचा वक्ता होता.

नीरजदादा म्हणजे बाबांच्या उदगीरच्या वर्गमित्राचा मुलगा. मुनिरकात खोली घेऊन अभ्यास करतो आणि दर रविवारी आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर जेवायला येतो. यायचा, असं लिहायला हवं. जेवण झालं की आम्ही दोघं सिनेमा लावायचो. त्याला ड्रॅगन, जादूगार, बोलणारी झाडं. मला रॉकेट आणि रोबो.

“एवढं मोठं धूड आणि एवढेसे पंख. उडतो कसा हा?” मी विचारायचे.

“तुझ्या रॉकेटमधले लोक दोनशे वर्षं झोपून उठतात आणि भांग सरळच्या सरळ. ते चालतं?”

आई आतून ओरडायची, “भांडायचं तर टीव्ही तरी बंद करा!”

सिनेमा संपला की तो मला उभं करायचा. दोन मिनिटं त्या सिनेमावर बोलायचं, मराठीत, अडलं तरी थांबायचं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी मी मंडळात तोंडच उघडायचे नाही. माझं दिल्लीचं मराठी ऐकून काकू लोक “किती गोड!” म्हणून हसायच्या आणि मी आतल्या आत मरायचे. नीरजदादामुळे ते गेलं. या वर्षी अकरावीत मी हाउस कॅप्टन झाले, तेसुद्धा भाषण करून. म्हणजे तो माइक हातात धरायची हिंमत मला त्यानेच दिली होती. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

त्याचं भाषण तर मस्तच झालं होतं. तो म्हणाला, “सायन्स फिक्शनला आपण विचारतो, हे होईल कसं? फँटसीला तोच प्रश्न विचारला की ती बिचारी पहिल्याच मिनिटाला नापास. तिला विचारायचं, बरं, हे झालं, आता ही माणसं वागतील कशी? ज्याने जो पेपर दिलाय त्याच पेपरचे मार्क मोजा ना.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या तळहातावर निळ्या पेनने एक प्रश्न लिहिलेला होता, खरा, मी स्वतः दोन दिवस विचार करून काढलेला. तो न विचारता मी दुसराच विचारला. स्टेजवर होता म्हणून त्याला वर ‘तुम्ही’ही म्हटलं.

सगळा हॉल हसला. नीरजदादाचे वडील, दामूकाका, तेव्हा आठ दिवसांसाठी दिल्लीत आले होते. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. दुसऱ्या रांगेत बाबांच्या शेजारी बसले होते, आणि तेही हसत होते! मी नीट पाहिलं. मग काय, मला वाटलं, सब ठीक है.

नीरजदादाने पाण्याचा घोट घेतला. “पाचवा झाला की सांगतो,” म्हणाला. पुन्हा टाळ्या.

उत्कृष्ट प्रश्नाचं बक्षीस मला मिळालं. मंडळाच्या सेक्रेटरी चंद्रप्रभाकाकूंनी माझा गाल ओढला. “काय धीट झालीस गं! दिवाळीच्या कार्यक्रमाचं निवेदन तूच करायचंस.” मी घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हतेच.

पुढच्या रविवारी नीरजदादा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबांनी फोन केला तर म्हणाला, अभ्यास आहे काका. तिसऱ्या रविवारी आईने मुद्दाम भरली वांगी केली आणि ती आम्ही तिघांनी दोन दिवस खाल्ली. मी त्याला एका ड्रॅगनच्या सिनेमाचा ट्रेलर पाठवला. त्याने पाहिला, उत्तर दिलं नाही. ड्रॅगनवर उत्तर नाही म्हणजे मामला सीरियस होता. बुधवारी शाळा सुटल्यावर मी रिक्षा केली आणि मुनिरकाला गेले.

खोलीत पुस्तकं सुतळीने बांधून ठेवलेली होती.

“चाललास कुठे?”

“उदगीरला. शनिवारचं तिकीट आहे.” त्याने मला स्टूल दिलं आणि चहा ठेवला. “बाबा म्हणतात, पुरे आता.”

“माझ्यामुळे?”

“नाही गं.” मग त्याने चहाखालचा गॅस बारीक केला. “थोडंसं.”

“पण काका हसत होते! मी पाहिलं दादा, कसम से.”

“सगळे हसले म्हणून हसले ते. परत येताना जनकपुरीला मेट्रो बदलली, तेव्हा मला विचारलं, लोक का रे हसले? त्या पोरीने काय विचारलं? आनंदात होते. त्यांना वाटलं, माझं कौतुक केलं कोणीतरी. मग मी सांगितलं त्यांना, फँटसी म्हणजे काय ते.”

मी स्टुलावर बसून माझ्या शाळेच्या बुटांकडे बघत होते. त्या गर्दीत दोघं दांड्याला धरून उभे असणार, आणि हा आपल्या वडिलांना माझा विनोद समजावून सांगत असणार.

“मुनिरका येईपर्यंत ते स्टेशनांची नावं वाचत राहिले,” तो म्हणाला. “सकाळी म्हणाले, आपल्या गल्लीतला विनायक तलाठी झाला. क्षिप्रा, इतक्या वर्षांत त्यांनी मला कोणाशी ताडून पाहिलं नव्हतं. कधीच नाही. पहिल्यांदा.”

“पण तो पेपरच वेगळा आहे!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“हे तू मला सांगतेस?” तो हसला, आणि मला रडू आलं. सॉरी म्हटलं, तीनदा म्हटलं. तो “अच्छा, बास” म्हणत राहिला. चहा देताना म्हणाला, “त्या दिवशी हातावर काहीतरी लिहून आली होतीस ना? स्टेजवरून दिसत होतं. काय होतं?”

मी सांगितलं. ज्या सिनेमात अंतराळयानही असतं आणि मंतरलेली तलवारही, त्याला कुठला पेपर द्यायचा?

तो माझ्यासमोर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसला. “हे विचारायला हवं होतंस,” म्हणाला. “मला याचं उत्तर येत नाही. मजा आली असती.”

घरी आले तेव्हा आई-बाबा चहा घेत होते. मी दप्तरही उतरवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, प्रश्न कोणी रचला इथपासून जनकपुरीपर्यंत. बाबांनी कप खाली ठेवला. दामूकाका न समजताच हसले होते, हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेजारी बसून त्यांनाही कळलं नव्हतं.

“मी बोलतो दामूशी,” ते म्हणाले.

“हो, तुम्हीच बोला,” आई म्हणाली. “हिने कशाला मध्ये पडायचं? लोक विसरलेसुद्धा असतील.”

“नाही बाबा. तुम्ही बोललात तर काका म्हणतील, मित्र समजूत घालतोय. मला त्यांचा नंबर द्या. मी आत्ता फोन करणार आहे. मी त्यांना सांगणार की मैत्रिणीने चिडवलं म्हणून मी शायनिंग मारायला उठले, आणि नीरजदादाचं भाषण त्या दिवशी सगळ्यात चांगलं झालं होतं. त्यांनी त्याला राहू दिलं नाही तरी हे त्यांना माझ्याकडून कळायला हवं. आणि आई, चंद्रप्रभाकाकूंना मीच कळवते, दिवाळीचं निवेदन मी करत नाहीये.”