सांगायचं कुणी

रविवारी सकाळी एर्मेक आपणहून म्हणाला, "आज स्वयंपाक नको. दिवसभर फिरू, जेवायला सापार-आकेंच्या खाणावळीत जाऊ." तेव्हाच त्याच्या बायकोने, कुंदुजने ओळखलं की तिचे वडील गेल्याची बातमी आज तिला तिथे सांगणार आहेत.

बातमी तिला इथे, परदेशात, गुरुवारीच कळली होती. नारिनमधल्या तिच्या माहेरच्या गल्लीतल्या एका बाईने नव्या गाडीचा व्हिडिओ टाकला होता. गाडीमागे कुंदुजच्या माहेरचं अंगण दिसत होतं. अंगणात लोकरी तंबू उभा होता. तंबूच्या दाराशी तिचा भाऊ कोटावरून पट्टा कसून, काठीवर वाकून उभा होता. पुरुषमाणूस तसा घरात मृत्यू झाला की उभा राहतो. व्हिडिओ मंगळवारचा होता. बुधवारी आई फोनवर म्हणाली होती, "बाबा झोपलेत." आवाज बसलेला होता, पण सर्दी झालीय म्हणाली.

त्यांच्याकडे माणसाला तिसऱ्या दिवशी पुरतात. मंगळवारी अंगणात बाबांना न्यायला माणसं जमली होती, म्हणजे ते रविवारी गेले. रविवारी निघाली असती तर उरुमची, बिश्केक आणि पुढे गाडीने पाच तास, असं करत ती सोमवारी रात्री तंबूत पोचली असती. बायका कबरस्तानात जात नाहीत. मुलीच्या वाट्याला येते ती तंबूतली जागा, भिंतीकडे तोंड करून बापाच्या नावाने गात रडायची. ती जागा रिकामी राहिली होती.

दूरच्या माणसाला मृत्यू फोनवर कळवायचा नाही. वडीलधाऱ्यांनी जमायचं, त्या माणसाला मधोमध बसवायचं आणि आडवळणाने सांगायचं, ही रीत. आजी गेली तेव्हा कुंदुज बिश्केकच्या वसतिगृहात होती. तिला नवव्या दिवशी असं बसवून सांगितलं होतं. म्हणून लग्नाआधी तिने एर्मेककडे एकच गोष्ट मागितली होती. "माझ्या घरून तशी बातमी आली तर तू सांगायचीस. त्याच दिवशी. रीत गेली खड्ड्यात." एर्मेकने नानवर हात ठेवून शपथेवर हो म्हटलं होतं.

सापार-आके इथल्या किरगीझ मंडळींत वडीलधारे. त्यांच्या खाणावळीचा उंबरठा ओलांडेपर्यंत एर्मेकला मुदत, असं तिने मनाशी ठरवलं. तोवर तो बोलला तर मागचे सात दिवस ती गिळणार होती. नाही बोलला तर यापुढे याच्या कुठल्या शब्दावर विसंबायचं, हे तिला कळत नव्हतं.

आधी मंडई. एरवी एर्मेक बाहेर स्कूटरवर बसून फोनवर खेळत राही. आज पिशवी घेऊन मागे मागे फिरत होता.

"स्ट्रॉबेरी घेऊ या? तुला आवडतात."

"मला कधी आवडल्या?"

"गेल्या वर्षी खाल्ल्यास की."

"तुझ्या साहेबाच्या बायकोने आणल्या होत्या. तिच्या तोंडावर थुंकता येईना म्हणून खाल्ल्या."

तो हसला. चिनी भाजीवाली म्हातारी दोघांकडे बघत कांद्याच्या पातीची जुडी बांधत होती. रोजचं गिऱ्हाईक म्हणून तिने आल्याची दोन बोटं वर टाकली आणि एर्मेककडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" कुंदुजने विचारलं. तिला समजलं होतं.

"म्हणाली, चांगला नवरा आहे. पिशवी उचलतो."

"तिला सांग, आठवड्यातून एकदाच. काहीतरी लपवायचं असलं की."

एर्मेक मिरच्या निवडायला वाकला. मिरच्या त्यांना नको होत्या.

मंडईनंतर तळ्यावरची बाग. मागच्या रविवारीही ते इथेच आले होते. तेव्हा एर्मेक दोनदा फोन घेऊन झाडाआड गेला होता आणि परत आल्यावर म्हणाला होता, चल, होडीत बसू. होडीत त्याने तिचे फोटो काढले. पाण्यात पाय सोडून ती हसत होती. त्याच वेळी नारिनमध्ये बापाला आंघोळ घालत असतील, हे तिला गुरुवारनंतर रोज आठवत होतं.

आजही तळ्याकाठी निवृत्त बायकांचा नाच चालला होता. एक म्हातारा फरशीवर पाण्याने मोठाली अक्षरं काढत होता. ती वाळत होती आणि तो पुन्हा काढत होता. बाकावर बसल्यावर कुंदुजने फोन काढला.

"रविवार आहे. बाबांना लावते."

"आत्ता?" एर्मेक म्हणाला. "तिकडे लवकर आहे अजून."

"बाबा पाचला उठतात."

"रेंज नसेल. गुरं वर नेली असतील कुरणात."

"एप्रिलमध्ये?"

तो फरशीवरच्या अक्षरांकडे बघू लागला.

"एप्रिलमध्ये वर गुडघाभर बर्फ असतो, एर्मेक. तू बिश्केकचा, तुला काय माहीत. पण खोटं बोलायचं तर गुराख्याच्या लेकीशी जरा विचार करून बोलावं."

"खोटं कशाला बोलू? अंदाज म्हटला."

"बरं. आणखी काही अंदाज?"

त्याने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं, अगदी थांबून, मदत केल्यासारखं. मग त्याने तिच्या हातातला फोन घेतला, तिच्या पर्समध्ये ठेवला आणि म्हणाला, "उशीर होतोय. सापार-आके वाट बघतायत."

"जेवायला इतकी घाई?"

"म्हातारा माणूस आहे. ताटकळत ठेवू नये."

स्कूटरवर ती त्याच्या कमरेला हात न घालता मागच्या दांडीला धरून बसली. खाणावळीपाशी त्याने स्कूटर लावली आणि कुलूप उगाच दोनदा तपासलं. उंबरठ्यापाशी तो थांबला.

"कुंदुज."

"हं."

"आत… नीट बस. म्हणजे, आके जे बोलतील ते ऐकून घे."

"तुला काही सांगायचंय का?"

"आके बोलतील," असं म्हणून त्याने दार लोटलं आणि तिला पुढे केलं.

आत रविवार असून एकही गिऱ्हाईक नव्हतं. टेबलं बाजूला सरकवून जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. सापार-आके टोपी घालून भिंतीशी, त्यांची बायको बुर्मा-एजे शेजारी, आणि गावातले चार-पाच किरगीझ व्यापारी रांगेत. कोणीही तिच्याकडे पाहिलं नाही. बुर्मा-एजेने तिला हाताला धरून मधल्या गादीवर बसवलं. एर्मेक दाराजवळ पुरुषांत जाऊन बसला.

सापार-आकेंनी घसा साफ केला. "पोरी, डोंगराच्या तोंडाशी एक पोपलरचं झाड होतं. त्याच्या सावलीत किती मेंढरं बसली, किती वाटसरू…"

"आके, माफ करा," कुंदुज म्हणाली. "झाडाचं मला कळलं. हे एर्मेकला सांगू द्या."

"पोरी, रीत अशी नाही."

"मला माहीत आहे. एर्मेक, सांग."

एर्मेकने चहाच्या वाडग्याकडे पाहत म्हटलं, "तुझे बाबा गेले."

"कधी?"

"रविवारी."

"तुला केव्हा कळलं?"

"कुंदुज, सगळ्यांसमोर…"

"सगळे यासाठीच आलेत. केव्हा?"

"सकाळी. नऊला."

"त्यानंतर आपण कुठे बसलो?"

एका व्यापाऱ्याने मांडी बदलली. सापार-आके टोपी काढून पुन्हा घालत होते.

"होडीत," एर्मेक म्हणाला. "तुझ्या भावानेच सांगितलं, मातीआधी कळवू नका म्हणून. एकटीने एवढ्या प्रवासात तुला काही झालं असतं तर? आणि मला सोमवारी माल चढवायचा होता, मी येऊ शकत नव्हतो. मी काय करायचं होतं?"

"एवढंच सांगायचं होतंस. बाकी मी केलं असतं."

"बाई, नवऱ्याला असं उघड्यावर धुऊ नये," रांगेतून कोणीतरी पुटपुटलं.

"तुम्ही जेवायला आलात की धुणं बघायला?" बुर्मा-एजे त्याच्याकडे न पाहता म्हणाली. तिने गाठोड्यातून शोकाचा गडद निळा रुमाल काढला आणि कुंदुजच्या डोक्याला बांधला.

"बाबांच्या चाळिसाव्या दिवसाला मी जाईन," कुंदुज एर्मेकला म्हणाली. "एकटी."

"जावई आला नाही तर तिकडे लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मीही काही झाकणार नाही."

मग तिने सगळ्यांकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीला तेलाचे डाग होते, वर कॅलेंडर होतं. बुर्मा-एजे तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. कुंदुजने तोंड उघडलं, पण आवाज येईना. गुरुवारपासून तो रोज न्हाणीघरात नळ सोडून दाबला होता.

तेवढ्यात मागून, दाराजवळून, पुरुषाने करायचा तसा मोठा आकांत आला. "बाबा हो, माझ्या बाबा…" एर्मेक गुडघ्यांवर हात टेकून, पुढेमागे झुलत सासऱ्यासाठी रडत होता. रीतीप्रमाणे बाकीच्यांनीही सूर धरला.

कुंदुज वळली. "तू नाही," ती म्हणाली. "बाकीच्यांनी रडावं. तू गप्प बस."

आवाज एकेक करून थांबले. एर्मेकचा शेवटी थांबला. त्याने सापार-आकेंकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान खाली घातली होती.

ती पुन्हा भिंतीकडे वळली, आणि बापाचं नाव घेऊन तिने गायला सुरुवात केली.