एकही ओरखडा नाही

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्प्लिंट दिव्याखाली धरली, उलटी केली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि चष्मा कपाळावर सरकवून शिंपीणबाईंकडे पाहिलं.

"ताई, खरं सांगा. ही वापरत नाही ना तुम्ही?"

शिंपीणबाईंना रागच आला. चार महिने रोज रात्री ती कडक, पारदर्शक पट्टी वरच्या दातांवर बसवून त्या झोपत होत्या. पहिला आठवडाभर लाळेने उशी भिजायची, तरी त्यांनी नेम सोडला नव्हता.

"एक दिवस खाडा नाही. वाटल्यास आमच्या ह्यांना विचारा," त्या म्हणाल्या आणि थबकल्या. ह्यांना काय माहीत असणार? ते तर वर्षभर मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपत होते.

तेही शिंपीणबाईंच्या दातांपायीच. "झोपेत करकर दात खातेस, माझा डोळ्याला डोळा लागत नाही," म्हणत त्यांनी एके दिवशी उशी उचलली होती. पुढे नातेवाइकांत बायकोचं नावच पाडलं, गिरणी. "आमची गिरणी रात्रपाळीची हो!" असं ते म्हणाले की चारचौघांत हशा पिकायचा आणि शिंपीणबाईही ओशाळून हसायच्या. किती वेळा त्यांनी नवऱ्याची माफी मागितली होती! जबडा दुखत होता हे खरं, पण नुसत्या दुखण्यासाठी त्या दवाखान्याची पायरी चढल्या नसत्या. नवऱ्याची उशी परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढला.

"झोपेत दात खातात, असं लिहून घेतलंय मी. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ह्यांनीच. मी तर झोपलेली असते."

डॉक्टरीणबाईंनी स्प्लिंट त्यांच्या दातांवर बसवली, मधे रंगीत कागद धरून चावायला लावलं. पट्टीवर बारीक निळे ठिपके उमटले.

"बसते तर नीट. झोपेत दात खाणाऱ्याची स्प्लिंट महिन्या-दोन महिन्यांत ओरखड्यांनी भरते. तुमची कोरी करकरीत आहे. दातही झिजलेले नाहीत. ते मी आधीच नीट बघायला हवं होतं, चूक माझी. तुमचं दुखणं दिवसाचं आहे. शिवताना दात आवळून बसत असाल. आता ही रात्री नको, काम करताना घाला थोडे दिवस." मग त्या हसल्या. "रात्री तुम्ही अगदी शांत झोपता, ताई."

शिंपीणबाईंनी स्प्लिंट हातात घेतली. कपडा कुठे विरलाय यावरून माणूस कसा बसतो, कोणत्या कोपरावर टेकतो, ते त्यांना बघताक्षणी कळायचं. त्यांनी कडेकडेने नख फिरवून पाहिलं. कुठेच अडकलं नाही.

घरी आल्या तेव्हा नवरा चहा पीत बसला होता.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

वाटभर त्यांनी वाक्यं जुळवली होती, एकेक तिखट. पण वर्षभराची सवय कुठे जाते? आयत्या वेळी त्यांनी नवऱ्यालाच सुटायला वाट दिली.

"बरी झालेय म्हणाल्या. आता आवाज होणार नाही. उशी आणायला हरकत नाही."

नवऱ्याने कपात पाहत एक घोट घेतला.

"अगं, कसली बरी? काल रात्रीच काय करकर चालली होती! भिंतीपलीकडे ऐकू येत होतं मला. घाई नको करू."

इतकं सहज बोलला तो, की क्षणभर शिंपीणबाईंना स्वतःचाच संशय आला. मग त्यांनी पिशवीतली डबी काढली, स्प्लिंट दातांवर बसवली आणि मशीनपुढे जाऊन बसल्या.

"आत्ता? दिवसाढवळ्या?"

त्यांनी नुसती मान हलवली. उसवलेली पँट मांडीवर ओढली, ह्यांचीच होती. सुईत दोरा ओवायला गेल्या, तो काही केल्या ओवला जाईना. आणि तेवढ्यात कानांच्या अगदी खालून करकर आवाज आला. शिंपीणबाई ऐकत राहिल्या. स्वतःच्या दातांचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.